दक्षिण महासागर: शिकार, मोजदाद आणि कायदा

अंटार्क्टिका खंडाला वेढून वाहणाऱ्या दक्षिण महासागराची उत्तर सीमा कोणत्याही देशाने आखलेली नाही. साधारण 50 ते 60 दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान ध्रुवाकडून येणारे थंड, जड पाणी उत्तरेकडच्या उबदार पाण्याखाली बुडते आणि थोडक्याच अंतरात समुद्राचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. हा पट्टा अंटार्क्टिक संगमरेषा म्हणून ओळखला जातो. त्याच्या दक्षिणेला खोल पाणी वर येते आणि बरोबर क्षार आणते. उन्हाळ्याच्या लांब दिवसांत त्यांवर सूक्ष्म शैवाल वाढते, शैवालावर क्रिल जगतो आणि क्रिलवर जवळजवळ सगळेच: देवमासे, सील, पेंग्विन, मासे, समुद्रपक्षी. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा, बोटभर लांबीचा जीव. त्याचे थवे कधी कधी मैलोन्‌मैल पसरलेले असतात.

या समुद्राच्या काठी माणसाची मूळ वस्ती कधीच नव्हती. उत्तर ध्रुवाकडे इनुइट, सामी, चुकची हे समाज हजारो वर्षे राहत आले, तसे इथे कोणी नव्हते. त्यामुळे इथल्या मानवी वावराचा इतिहास जेमतेम अडीचशे वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवातच काहीतरी नेण्यासाठी आलेल्यांपासून होते. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात लोटायच्या, असा कोकणच्या कोळ्यांचा पिढीजात दंडक आहे. असा कोणताही दंडक या समुद्राला वारशाने मिळाला नाही. जे नियम झाले ते सगळे गेल्या सव्वाशे वर्षांत, कागदावर आणि बहुतेक वेळा नुकसान होऊन गेल्यावर झाले.

17 जानेवारी 1773 रोजी जेम्स कुकच्या जहाजांनी अंटार्क्टिक वृत्त ओलांडले. तसे करणारी ती पहिली ज्ञात जहाजे. दोन वर्षांनी, जानेवारी 1775 मध्ये, कुक दक्षिण जॉर्जिया बेटावर उतरला. बर्फाने झाकलेले, झाडांचा मागमूस नसलेले ते बेट पाहून त्याची निराशा झाली. पण किनाऱ्यावरच्या असंख्य सीलांची नोंद त्याने केली, आणि ती नोंद छापून आली. पुढच्या दहा-बारा वर्षांतच ब्रिटिश आणि त्यामागोमाग अमेरिकी सीलमारांची जहाजे तिथे पोहोचली.

फर सीलच्या कातड्याला चीनमध्ये कँटनच्या बाजारात चांगला भाव होता. 1800-01 च्या एका मोसमात अमेरिकी कप्तान एडमंड फॅनिंगने दक्षिण जॉर्जियावरून 57 हजार कातडी नेली. शिकारीला कसब असे फारसे लागत नसे. प्रजननासाठी किनाऱ्यावर जमलेल्या सीलांना सोट्याने मारायचे, सोलायचे, कातडी मिठात घालायची. माद्या मारल्या की पिल्ले उपाशी मरत. 1819 मध्ये विल्यम स्मिथला दक्षिण शेटलंड बेटे दिसली. ही बातमी बंदरांतून पसरताच डझनावारी जहाजे तिकडे धावली, आणि तीन-चार मोसमांत तिथले फर सील जवळजवळ संपले. 1821 आणि 1822 या दोन वर्षांत तिथून 3 लाख 20 हजार कातडी गेली असावीत, असा जेम्स वेडेलचा अंदाज होता. दक्षिण जॉर्जियाचा एकूण आकडा त्याने 12 लाखांच्या घरात धरला आहे.

वेडेल स्वतः सीलमार होता. फेब्रुवारी 1823 मध्ये बर्फमुक्त पाणी मिळाल्यामुळे तो 74 अंश 15 मिनिटे दक्षिणेपर्यंत गेला. तो समुद्र आज त्याच्या नावाने ओळखला जातो. 1825 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने एक हिशेब मांडला. प्लाता नदीच्या मुखाशी लोबोस बेटावर माँटेव्हिडिओच्या कारभाऱ्यांनी शिकारीचा मोसम आणि संख्या बांधून दिली होती, म्हणून तिथले सील टिकले. शेटलंडवरही माद्यांना पिल्ले मोठी होईपर्यंत हात लावला नसता, तर वर्षाला लाखभर कातडी कायमची मिळत राहिली असती. शाश्वत शिकारीची ही कल्पना या समुद्राच्या संदर्भात इतक्या स्पष्टपणे त्याआधी कोणी मांडल्याचे दिसत नाही. मात्र ती अमलात आणायला लोबोसप्रमाणे कोणीतरी मालक हवा होता, आणि दक्षिणेच्या बेटांवर तेव्हा कोणाचीच सत्ता नव्हती. जो आज सील सोडील त्याचा सील उद्या दुसरा मारील, हे प्रत्येक कप्तानाला ठाऊक होते. पुढच्या दोन शतकांतला प्रत्येक वाद याच गाठीशी येऊन अडतो.

सीलमारांविषयी जे लिहून राहिले ते कप्तानांचे. बेटांवर महिनोन्‌महिने ठेवलेल्या सामान्य खलाशांनी फारसे काही लिहिले नाही, आणि भरपूर सील असलेले किनारे गुप्त ठेवण्यातच धंद्याचे हित असल्यामुळे नोंदीही तोकड्या राहिल्या. ही उणीव पुरातत्त्वाने काही अंशी भरून काढली. दक्षिण शेटलंडमधल्या लिव्हिंगस्टन बेटावर अर्जेंटिना, चिली आणि ब्राझीलच्या अभ्यासकांनी सीलमारांचे निवारे उकरून काढले. कपारीच्या तोंडाशी रचलेल्या दगडी भिंती, देवमाशाच्या हाडांच्या तुळया, चुलीतली सीलची जळकी हाडे, तंबाखूच्या चिलमींचे तुकडे, कातड्याचे जोडे, बाटल्या असा तो ऐवज आहे. लाकूड मिळत नसल्याने ही माणसे सीलच्या चरबीवरच शेकोटी पेटवत. 1985 मध्ये याच बेटाच्या किनाऱ्यावर चिलीच्या डॅनियल टोरेस यांना एका तरुण स्त्रीची कवटी सापडली. अभ्यासाअंती ती दक्षिण चिलीच्या मूलनिवासी समाजातली, विशीतली स्त्री असल्याचे मत पुढे आले. ती तिथे कशी पोहोचली याची एकाही जहाजाच्या दप्तरात नोंद नाही. अंटार्क्टिकाचा इतिहास म्हणजे शोधक वीरांची नामावळी, ही समजूत अशा शोधांनी मोडली, आणि ती मोडायलाच हवी होती.

दुसरी लाट देवमाशांसाठी आली. दक्षिणेकडचे निळे आणि फिन देवमासे वेगवान होते, आणि मेल्यावर बुडत. वल्ह्यांच्या होड्यांच्या काळात ते त्यामुळेच सुरक्षित राहिले. नॉर्वेच्या स्वेन फॉइनने 1870 मध्ये स्फोटक भाल्याच्या तोफेचे पेटंट घेतले, त्याला वाफेच्या शिकारनौकेची जोड मिळाली, आणि मेलेल्या माशात हवा भरून तो तरंगत ठेवायची युक्तीही साधली. उत्तर अटलांटिकमधले देवमासे घटू लागताच नॉर्वेचे व्यावसायिक दक्षिणेकडे पाहू लागले. कार्ल अँटोन लार्सन हा त्यांतला अग्रणी. ओटो नॉर्डेन्शेल्डच्या स्वीडिश मोहिमेचे जहाज त्याच्या ताब्यात होते. 1903 मध्ये ते बर्फात चिरडले, आणि अर्जेंटिनाच्या नौदलाने या मोहिमेची सुटका केली. ब्यूनस आयर्समध्ये झालेल्या सत्कारांचा उपयोग लार्सनने भांडवल उभे करण्यासाठी केला. 16 नोव्हेंबर 1904 रोजी दक्षिण जॉर्जियावर ग्रीटविकेन ही शिकारवसाहत सुरू झाली.

काही वर्षांतच बेटाच्या आडोशाच्या बाजूला अशी आणखी केंद्रे उभी राहिली. उन्हाळ्यात हजारांहून अधिक माणसे तिथे काम करत. ग्रीटविकेनला 1913 मध्ये चर्चही बांधले गेले. 1922 मध्ये वारलेल्या अर्नेस्ट शॅकल्टनची कबर तिथल्याच दफनभूमीत आहे. चरबी उकळून काढलेले तेल साबणाला, दिव्यांना आणि पुढे मार्गरिनला जाई, आणि त्यातून निघणारे ग्लिसरीन पहिल्या महायुद्धात स्फोटकांच्या कारखान्यांत गेले. 1904 ते 1965 या काळात एकट्या दक्षिण जॉर्जियावर 1 लाख 75 हजारांवर देवमासे कापले गेले.

या बेटांवर ब्रिटनने 1908 मध्ये रीतसर सत्ता जाहीर केली आणि 1909 च्या अखेरीस ग्रीटविकेनजवळ एक दंडाधिकारी नेमला. जेम्स इनिस विल्सन हे त्याचे नाव. शिकारवसाहतींना भाडेपट्टा आणि परवाना आवश्यक झाला, शिकारनौकांची संख्या ठरली, पिल्लू बरोबर असलेल्या मादीला मारायची बंदी आली, आणि चरबी काढून उरलेला देह फेकून देण्यालाही मनाई झाली. हत्ती सीलांच्या बाबतीत हे नियंत्रण अधिक नेटके ठरले. किनाऱ्याचे चार भाग करून त्यांतला एक दर वर्षी विश्रांतीसाठी राखून ठेवत, आणि फक्त वाढ झालेले नर मारत. वेडेलचा हिशेब जवळपास शंभर वर्षांनी खरा ठरत होता. हत्ती सीलांची ही शिकार 1964 पर्यंत चालली, आणि त्यांची संख्या ढासळली नाही.

देवमाशांची गोष्ट वेगळी होती. ते किती आहेत, किती वर्षे जगतात, कुठे विणतात, हिवाळ्यात कुठे जातात, हे कोणालाच माहीत नव्हते. परवाने किती द्यायचे हे ठरवायचे तर आधी हे कळायला हवे. महायुद्धाच्या काळातच लंडनमध्ये यासाठी समिती बसली, तिचा अहवाल 1920 मध्ये आला, आणि 1923 मध्ये ‘डिस्कव्हरी’ समिती स्थापन झाली. रॉबर्ट स्कॉटचे जुने जहाज ‘डिस्कव्हरी’ 1925 मध्ये संशोधनासाठी दक्षिणेकडे निघाले. खर्च भागवला गेला तो देवमाशाच्या तेलावर दर पिंपामागे घेतलेल्या करातून. दक्षिण महासागराचे विज्ञान असे शिकारीच्याच पैशावर उभे राहिले. हा व्यवहार आज अवघड वाटला, तरी त्यातून निघालेले काम पहिल्या प्रतीचे होते.

स्टॅनले केंप या मोहिमेचे प्रमुख होते, आणि प्लवकांचे काम अ‍ॅलिस्टर हार्डी यांच्याकडे होते. किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत नील मॅकिंटॉश आणि जॉन व्हीलर यांनी कापणीच्या फरशीवर उभे राहून, रक्त आणि चरबीच्या चिखलात, दीड हजारांहून अधिक देवमासे तपासले. प्रत्येकाची लांबी मोजली, पोटात काय आहे ते पाहिले, माद्यांच्या अंडाशयांवरून वय आणि विणीचे अंतर ताडले. पोटात निघे तो प्रामुख्याने क्रिल. मादी साधारण दोन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते, हे समोर आल्यावर वाढीचा वेग किती मंद आहे ते स्पष्ट झाले. जिवंत देवमाशांच्या अंगात बंदुकीने धातूच्या क्रमांकित खुणा मारल्या गेल्या. वर्षा-दोन वर्षांनी एखादी खूण कढईच्या तळाशी सापडे, आणि त्या देवमाशाचा प्रवास कळे. जॉर्ज डीकन यांनी पाण्याच्या थरांचा आणि संगमरेषेचा अभ्यास केला. जेम्स मार यांचा क्रिलवरचा ग्रंथ 1962 मध्ये आला, तोही याच मोहिमेच्या नमुन्यांवर आधारलेला होता.

पण विज्ञान मोजत असतानाच धंदा त्याच्या हातून निसटला. 1925-26 च्या मोसमात ‘लान्सिंग’ हे जहाज दक्षिणेत आले. त्याच्या पिछाडीला उतरता घसरमार्ग होता, त्यावरून संपूर्ण देवमासा ओढून वर घेता येई आणि भर समुद्रात कापता येई. आता किनाराच नको होता, म्हणजे ब्रिटनचा परवाना नको, कर नको, दंडाधिकारीही नको. 1930-31 च्या मोसमात 41 कारखाना-जहाजे दक्षिणेत होती; त्या एका मोसमात 40 हजारांवर देवमासे मारले गेले, त्यांत सुमारे 29 हजार निळे होते. तेलाचा बाजार कोसळला. पुढच्या वर्षी नॉर्वेचा ताफा बंदरात उभा राहिला, तो देवमाशांच्या दयेपोटी नव्हे. जिनिव्हात 1931 मध्ये झालेला पहिला आंतरराष्ट्रीय करार 1935 मध्ये लागू झाला, पण मारायच्या देवमाशांची संख्या ठरवण्याचे धाडस त्यात नव्हते.

ती संख्या दुसऱ्या महायुद्धानंतर ठरली. 1946 च्या वॉशिंग्टन करारातून आंतरराष्ट्रीय देवमासे आयोग निर्माण झाला आणि अंटार्क्टिकासाठी वर्षाला 16 हजार ‘निळे एकक’ अशी मर्यादा आली. एक निळा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई. ही पद्धत तेलाच्या पिंपांवरून बेतलेली होती. प्रत्येक जातीचे भवितव्य वेगळे असते, याची तिला दखलच नव्हती. निळे दुर्मीळ झाले तरी फिनच्या शिकारीला निघालेली नौका वाटेत भेटलेला निळा सोडत नसे. शिवाय मर्यादा सर्वांची मिळून एकच होती, त्यामुळे मोसम उघडताच प्रत्येक ताफा जास्तीत जास्त हिस्सा मारण्यासाठी धावे. शास्त्रज्ञांनी दिलेल्या इशाऱ्यांवर पुरावा अपुरा असल्याचे उत्तर वर्षानुवर्षे दिले गेले. शेवटी 1960 मध्ये डग्लस चॅपमन, के. रॅडवे अ‍ॅलन आणि सिडनी होल्ट या तीन संख्यातज्ज्ञांना नेमले गेले. त्यांच्या हिशेबाने 1963 मध्ये वाद संपवला, पण तोवर निळे देवमासे जवळपास संपले होते. दक्षिणेतल्या निळ्यांना साठीच्या दशकाच्या मध्यास संरक्षण मिळाले, 1972 मध्ये एककाची पद्धत मोडीत निघाली, आणि 1982 मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव झाला.

आकड्यांचा आणखी एक भयंकर अध्याय 1990 च्या दशकात उघड झाला. सोव्हिएत ताफ्यांनी 1947 ते 1973 या काळात दक्षिण गोलार्धात सुमारे 48 हजार हंपबॅक मारले होते. आयोगाला कळवले होते ते 2,700 च्या आसपास. ताफ्यावरच्या जीवशास्त्रज्ञांनी खरी टिपणे घरी जपून ठेवली होती म्हणून हे कळू शकले. इतकी वर्षे जगभरचे अभ्यासक खोट्या आकड्यांवर गणिते मांडत होते. मोजदाद कोण करतो आणि ती तपासतो कोण, हा प्रश्न कायद्याच्या कलमांइतकाच मोठा आहे, हे याहून ठळकपणे कशानेच दाखवलेले नाही.

1 डिसेंबर 1959 रोजी 12 देशांनी केलेला अंटार्क्टिक करार 60 अंश दक्षिणेच्या पलीकडचा प्रदेश शांततेसाठी आणि विज्ञानासाठी राखतो. मात्र खुल्या समुद्रावरील देशांच्या हक्कांना तो हात लावत नाही, असे त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट आहे. समुद्र असा उघडाच राहिला. 1964 मध्ये नॉर्वेचे एक जहाज सीलांचा अंदाज घ्यायला बर्फात शिरले, तेव्हा करारातील देश सावध झाले. 1972 चा सीलसंरक्षण करार झाला तो व्यापारी शिकार पुन्हा सुरू होण्याआधी. या समुद्राच्या इतिहासात कायदा पहिल्यांदाच पुढे होता.

माशांच्या बाबतीत तेवढी घाई झाली नाही. 1969-70 मध्ये सोव्हिएत ट्रॉलरांनी दक्षिण जॉर्जियाभोवती संगमरवरी रॉककॉड हा मासा 4 लाख टनांच्या आसपास उपसला, आणि दोन मोसमांत तो साठा बसला. यानंतर जहाजे क्रिलकडे वळली. सगळ्या अन्नसाखळीचा पाया असलेला जीव टनावारी उपसला जाणार, या धास्तीतून 20 मे 1980 रोजी कॅनबेरात अंटार्क्टिक सागरी सजीवसंपदेच्या संवर्धनाचा करार झाला. तो 7 एप्रिल 1982 रोजी लागू झाला. त्याचे आयोग-कार्यालय टास्मानियातील होबार्टला आहे. या कराराने 60 अंशांची राजकीय रेषा सोडून संगमरेषेला सीमा मानले. त्याचे दुसरे कलम त्याहून महत्त्वाचे आहे. पकडल्या जाणाऱ्या जातीपुरता विचार न करता तिच्यावर जगणाऱ्या जातींचाही विचार करावा, आणि दोन-तीन दशकांत भरून निघणार नाही असा बदल होऊ देऊ नये, असे ते सांगते. मत्स्यव्यवसायाच्या कायद्यात परिसंस्थेला दिलेले हे स्थान तेव्हा नवे होते.

भारताचा या प्रदेशाशी संबंध गोव्यातून जुळला. 6 डिसेंबर 1981 रोजी सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली मोहीम गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तिसऱ्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबरोबर नागपूरला जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या दोन महिला. पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करत, आणि त्यांचा विषय समुद्रातल्या अन्नसाखळीचा पाया हाच होता. भारत 1983 मध्ये अंटार्क्टिक करारात आणि पुढे सजीवसंपदा करारातही सामील झाला. 1995-96 मध्ये ‘सागर संपदा’ जहाजावरून क्रिलच्या अभ्यासाची मोहीम झाली. दक्षिण महासागराच्या नियमित मोहिमा 2004 पासून वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून होऊ लागल्या. अंटार्क्टिकाविषयीचा भारताचा स्वतःचा कायदा 2022 मध्ये संमत झाला.

होबार्टच्या आयोगाची कामगिरी संमिश्र आहे. 1990 च्या दशकात टूथफिश या महागड्या माशाची चोरटी लूट मोठ्या प्रमाणावर चालली. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गस्तनौकेने ‘व्हियार्सा’ या जहाजाचा तीन आठवडे पाठलाग करून ते दक्षिण अटलांटिकमध्ये पकडले. पण चोरीला खरा आळा बसला तो प्रत्येक माशाबरोबर कागद चालवण्याच्या पद्धतीने आणि बंदरांतल्या तपासणीने. गळांच्या लांब दोऱ्यांत अडकून मरणारे अल्बट्रॉस, दोरी रात्री सोडणे, तिला वजन लावणे आणि फडफडत्या पट्ट्यांनी पक्षी हुसकावणे या साध्या उपायांनी कराराच्या हद्दीत फार मोठ्या प्रमाणात वाचले. 2016 मध्ये रॉस समुद्रात सुमारे 15.5 लाख चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र मंजूर झाले, तेही 35 वर्षांपुरते. मात्र आयोगात निर्णय एकमताने होतात, म्हणून एका देशाचा नकारही पुरतो. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातल्या संरक्षित क्षेत्रांचे प्रस्ताव चीन आणि रशियाच्या विरोधामुळे अडून आहेत. या दोन्ही प्रस्तावांना भारताने 2021 मध्ये सहप्रायोजक म्हणून पाठिंबा दिला.

क्रिलची मर्यादाही अशीच तडजोडीतून आली आहे. नैऋत्य अटलांटिकच्या बाजूच्या चार उपक्षेत्रांत मिळून 6 लाख 20 हजार टनांवर मासेमारी थांबते. हा आकडा क्रिल किती आहे यावरून काढलेला नसून, प्रत्येक उपक्षेत्रात पूर्वी एका वर्षात झालेल्या सर्वाधिक पकडींची बेरीज आहे. सगळी पकड एकाच किनाऱ्यावर, पेंग्विनांच्या वसाहतींसमोर होऊ नये म्हणून 2009 मध्ये ती उपक्षेत्रांत वाटून देणारा नियम केला होता. 2024 च्या बैठकीत त्याच्या मुदतवाढीवर एकमत झाले नाही आणि तो नियम संपला. पुढच्याच मोसमात, 2025 मध्ये, 6 लाख 20 हजार टनांची मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली आणि मासेमारी वेळेआधी बंद करावी लागली.